तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी घेतली तर विश्वास कमी पडला का?

उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "इतकी प्रार्थना करतोय, तरी मन उभारी धरत नाही. डॉक्टर म्हणतात नैराश्याच्या गोळ्या सुरू करा. गोळी घेतली म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? आणि प्रार्थना सोडून रोज मी करू तरी काय?"

विश्वास कमी पडला असं मुळीच होत नाही. पौलाच्या पत्रात लूक हा 'प्रिय वैद्य' आहे, आणि तिमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मधुमेहाच्या गोळीबद्दल हा प्रश्न मंडळीत कुणी विचारत नाही; मनाच्या दुखण्याबद्दलच विचारला जातो. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन (१८३४–१८९२) यांना हे दुखणं आयुष्यभर होतं. त्यांनी ते आपल्या विद्यार्थ्यांपासून लपवलं नाही, आणि हिवाळ्यात विश्रांतीसाठी ते फ्रान्समधल्या मांतोंला जात.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (१ राजे १९) पुन्हा सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच तो ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येऊन त्याला बोल लावत नाही. 'ऊठ, खा' एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवस चालल्यावर येते. आधी झोप, अन्न, पाणी, मग चालणं, मग बोलणं. आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा होतो: आधी उपदेश होतो आणि जेवलात का हे शेवटपर्यंत विचारलं जात नाही.

साधी उदासी आणि आजार यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता बिघडली असेल, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, कारण यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. पूर्वी कधी झोपेची गरजच वाटली नाही, पैसा उधळला, डोक्यात विचारांची गर्दी झाली असे दिवस येऊन गेले असतील तर तेही सांगा. त्यावरून औषध बदलतं.

नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो, म्हणून बरेच जण फायदा दिसण्याआधीच गोळी सोडून देतात. अस्वस्थपणा फार वाढला किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं. बंद करायचं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होतो आणि लोक त्याला 'गोळीची सवय लागली' म्हणतात. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही.

आता रोजच्या करण्याबद्दल. गोव्यात संगाथ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ४९३ रुग्णांबरोबर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी घेतल्या. मूळ तत्त्व सोपं होतं: मन लागेल तेव्हा काम करू असं न म्हणता आधी काम करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

घरी हे करायला एक वही पुरते. उद्याची तीन कामं आज रात्री लिहा, वेळेसकट. पण काम किती लहान, इथेच सगळं आहे. 'घर आवरणे' हे काम नव्हे, तो डोंगर आहे. 'सात वाजता उठून चादरीची घडी', 'साडेसातला चहा व्हरांड्यात, उन्हात', 'पाचला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत' असं लिहा. काम झालं की पुढे दोन आकडे टाका: किती बरं वाटलं आणि करायला किती जड गेलं, शून्य ते दहा. आठवड्यानंतर पान उलटून पाहिलं तर कोणत्या कामानं मन हललं ते दिसतं. 'आठवडाभर काहीच चांगलं झालं नाही' असं मन सांगतं. वही वेगळं सांगते. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा, तीस मिनिटांपर्यंत न्या. रात्री कितीही उशिरा झोप लागली तरी उठण्याची वेळ तीच ठेवा. दारू नको, ती झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते.

हमखास चूक होते ती बऱ्या दिवशी. एका सकाळी बरं वाटतं, माणूस महिनाभराची धुणी-भांडी एकाच दिवशी काढतो, पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो आणि समजतो की सगळं वाया गेलं. बऱ्या दिवशीही तीनच कामं करा.

प्रार्थनेलाही हेच माप लावा. तासभर गुडघे टेकून बसणं जमत नसेल तर तीन मिनिटं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणा; तयार शब्द अशाच वेळेसाठी असतात. रोज एक स्तोत्र वाचा, पण फक्त स्तुतीचीच निवडू नका. बेचाळिसावं आपल्या जिवालाच विचारतं, तू का खिन्न झालास. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, त्याला आशेचं शेवटचं कडवंही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला असंही बोललेलं चालतं.

आजारपणात अपराधीपणा फार छळतो. खऱ्या पापाला बहुधा नाव असतं, माणूस असतो, दिवस असतो. त्याची कबुली देता येते, भरपाई करता येते. आजाराचा अपराधीपणा धुक्यासारखा असतो: 'मी वाईट आहे, सगळं माझ्यामुळे.' कबुली देऊनही तो तासाभरात परत येतो. तसं होत असेल तर पुन्हा पुन्हा कबुली देत बसू नका, ते लक्षण म्हणून डॉक्टरांना सांगा.

उपास-प्रार्थना आणि रात्रभराची जागरणं बरं होईपर्यंत बाजूला ठेवा. उपाशी पोट आणि मोडलेली झोप यांनी हा आजार वाढतो. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध) चालू असेल तर पाणी कमी पडल्यानं रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं, म्हणून पाण्याशिवायचा उपास करूच नका. साक्ष द्यायचीही घाई नको. 'मी बरा झालो, गोळ्या सोडल्या' असं सगळ्यांसमोर बोलून गेलेल्या माणसाला पुन्हा खालावल्यावर तोंड दाखवायची लाज वाटते. कुणी दुष्ट आत्म्याचं नाव काढून औषध थांबवायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही प्रेमानं सांगत असो.

मरणाचे विचार येत असतील तर आजच एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका, औषधांचा आणि कीटकनाशकाचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि मंडळीतल्या इतरांसाठी. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाकडून त्यानं आधी काही मागितलं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलू लागले आणि बिघडलं. तेव्हा जाताना डबा न्या. वीस मिनिटं बसा. आजारी माणसाला आवडत असेल तर एक स्तोत्र वाचा, नाहीतर नुसते बसा. मोरीत पडलेले कप धुऊन ठेवा. निघताना 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, त्याला सांगता येत नाही. 'गुरुवारी पाच वाजता येतो, कोपऱ्यापर्यंत चालून येऊ' म्हणा, आणि गुरुवारी पाचला जा.