यीस्टच्या सुट्या कॉलन्या: चौथी खेप

यीस्टच्या सुट्या कॉलन्या, म्हणजे पेशींचे वेगवेगळे वाढलेले ठिपके, शेवटी जमल्या! मागच्या तीन खेपांना प्लेटवर (झाकणाच्या चपट्या बशीत) नुसता पांढरट राडा आला होता. मला वाटायचं हात जड पडतोय. पण घोळ पाण्याचा होता.

बाटली कुकरमधून निघाली की मी लगेच त्यातलं माध्यम (यीस्ट वाढवायचं खाद्य) प्लेट्समध्ये ओतायचे. त्यातल्या गरम आगरची (समुद्री शेवाळापासूनचं, जेलीसारखं गोठणारं द्रव्य) वाफ झाकणाला धरायची, थेंब खाली पडायचे आणि त्या ओलीवरून यीस्ट वाहत जायचं. मग रेघा कितीही निगुतीने ओढा, सगळं एकमेकांत मिसळणारच.

या वेळी 250 मिली पाण्यात 7.5 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आलेल्या जवाचा अर्क) आणि 4 ग्रॅम आगर घेतलं. 121 अंशांवर, म्हणजे 15 पीएसआय दाबाखाली, 20 मिनिटं ठेवलं. मग थर्मामीटर 50 वर येईपर्यंत थांबले. आगर 40 च्या खाली आल्याशिवाय सहसा गोठत नाही, तेव्हा घाई करायचं काही कारणच नाही. आणि एकदा गोठलं की 85 च्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. प्रयोगशाळेत मदत करणाऱ्या फॅनी हेस यांनी 1881 मध्ये जिवाणू वाढवायला आगर सुचवलं ते याच गुणासाठी. तोवर वापरात असलेलं जिलेटिन उबेत पातळ व्हायचं.

बारा प्लेट्स झाल्या. दोन दिवस उलट्या ठेवून वाळवल्या. या दोन दिवसांचा आणखी एक फायदा झाला: दोन प्लेट्सवर हिरवी बुरशी उगवली, ती यीस्ट लावायच्या आधीच दिसली. त्या न उघडता टेप लावून बाजूला काढल्या. कुकरमध्ये पुन्हा निर्जंतुक करूनच टाकणार.

स्ट्रीकिंग (लूपने, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेने, यीस्ट रेघांत पातळ पसरवणं) चार भागांत केलं, दर भागानंतर लूप लालबुंद तापवून, गार करून. कोरड्या आगरवर लूप कसा सरकतो ते हाताला लगेच कळतं: ओल्यावर तो घसरतो, इथे किंचित अडत गेला.

30 अंशांवर 48 तासांनी पहिल्या भागात दाट साय, दुसऱ्यात थोडी विरळ, आणि चौथ्यात एकेकटे मलईच्या रंगाचे, गोल, फुगीर ठिपके. जेमतेम दोन मिलिमीटरचे. एकेका ठिपक्यात लाखो पेशी, बहुधा एकाच पेशीची संतती. मी कितीतरी वेळ प्लेट उजेडात तिरपी धरून बघत होते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी बेकरीचं यीस्टच घ्यावं. अंगावरचे, नाल्यातले नमुने घरी वाढवू नयेत; काय उगवेल ते आपल्या हातात नसतं.

एक कॉलनी मात्र बाकीच्यांपेक्षा चपटी आहे, कडा खरबरीत. उद्या तीच उचलून नव्या प्लेटवर लावणार आहे.