आमची वाटचाल : टॉवरच्या पायाखाली

वडील गवंडी. विहिरी बांधायचे. पाटण भागातल्या पठारांवर मोबाइलचे टॉवर उभे राहू लागले तेव्हा खडकात खड्डे मारणारी माणसं हवी होती, आणि ते काम आमच्या घरात होतंच. वीतभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. तिथून आम्ही टॉवरचे पाये घालण्याच्या या धंद्यात आलो.

फाउंडेशन टॉवरचं वजन पेलतं, एवढंच मी तेव्हा धरून होतो. वारा सुटला की टॉवरचे एका बाजूचे पाय दाबतात आणि दुसऱ्या बाजूचे उपटायला बघतात, हे डिझाइनच्या साहेबांनी समजावलं. एवढं काँक्रीट लागतं ते हे उपटणं रोखण्यासाठी. खडकात आम्ही भोकं पाडून सळया ग्राउट करतो, म्हणजे सिमेंटचा घोळ ओतून पक्क्या बसवतो. काळी माती फुगते, आक्रसते, म्हणून तिच्याखालच्या घट्ट थरापर्यंत उतरतो. काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरने बोल्टांचा टेम्प्लेट, म्हणजे बोल्ट जागेवर धरणारा साचा, सरकतो, तेव्हा काँक्रीट चालू असताना ओळंबा घेऊन मी स्वतः उभा असतो.

रेडिओचं पहिलं काम एका सामुदायिक केंद्राचं, 30 मीटरचा टॉवर. वळवाच्या पहिल्याच पावसात वीज पडली. टॉवर जागचा हलला नाही, पण ट्रान्समीटर जळाला. चूक माझी होती. टॉवरचं अर्थिंग वेगळं, खोलीचं वेगळं, दोन्ही न जोडता ठेवलेली. वीज पडताच दोन्हींच्या विद्युतदाबात प्रचंड फरक पडला आणि तो केबलवाटे यंत्रात शिरला. दुरुस्तीचा अर्धा खर्च मी उचलला.

तेव्हापासून काँक्रीट ओतण्याआधीच सळयांच्या जाळीला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी वेल्ड करून बाहेर काढतो. टॉवरचे पाय, केबलचं कवच, खोली, विजेचा मीटर, सगळ्यांचं अर्थिंग एकाच रिंगमध्ये. काँक्रीट ओल धरून ठेवतं, त्यामुळे आतली सळईसुद्धा अर्थिंगचं काम करते. अमेरिकन अभियंता हर्बर्ट उफर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत, दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हीच युक्ती वापरली होती. आमच्या पठारावर तेवढ्याने भागत नाही. पाषाणात रॉड उतरत नाही, म्हणून उथळ चर खणून पट्ट्या चहूकडे पसरतो आणि भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरतो.

पावसाळ्यात जमीन ओली असते, त्यामुळे अर्थिंगचं रीडिंग चांगलंच, म्हणजे कमी, येतं. आम्ही मोजतो ते मे महिन्यात. त्या पहिल्या केंद्राचं अर्थिंगही दर मे महिन्यात जाऊन मोजून येतो, त्याचं बिल लावत नाही. गेल्या खेपेला 3.2 ओहम आलं.