तुम्ही विचारलंत म्हणून : घरचे चोरिस चालेल का?

म्हापशात आहारतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्यापासून हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतेच. "हॅम, सलामी, बेकन वाईट, हे कळले, पण आमचे चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज, घरी केलेले असते, त्यात केमिकल नसते. मग ते चालेल ना?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर होकाराची आशा असते आणि म्हणूनच उत्तर नीट द्यावेसे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. 10 देशांतील 22 तज्ज्ञांनी 800हून अधिक अभ्यास तपासून हा निर्णय दिला होता. प्रक्रिया म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या इथे महत्त्वाची आहे. टिकण्यासाठी किंवा चवीसाठी मांस खारवणे, मुरवणे, आंबवणे, धुरावणे, हे सगळे तिच्यात येते आणि कारखाना की घर, असा भेद ती करत नाही. मीठ आणि माडाच्या शिरक्यात मुरवलेले, उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवलेले आपले चोरिसही त्यामुळे त्याच व्याख्येत बसते.

केमिकल नसते, हेही नेहमी खरे नसते. काही घरांत मांसाचा लाल रंग टिकावा म्हणून सोरा घालतात. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचे मांसात हळूहळू नायट्राइट होते, आणि कारखान्यात थेट वापरतात तेही नायट्राइटच. ते उगाच घातले जात नाही, हेही सांगायला हवे, कारण बोटुलिझमसारखी प्राणघातक विषबाधा घडवणाऱ्या जंतूंना ते रोखते. परंतु मांसातील प्रथिनांचे घटक आणि रक्ताला रंग देणारे हीम यांच्या सान्निध्यात त्यापासून आतड्यात नायट्रोसो संयुगे तयार होतात, आणि ती आतड्याच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. पालकात आणि बिटातही नायट्रेट असते, असा प्रतिप्रश्न येतो. भाज्यांत हीम नसते, आणि त्यांतील क जीवनसत्त्व ही संयुगे तयार होण्यास अटकाव करते, म्हणून त्यांची गणना वेगळी.

याच पहिल्या गटात तंबाखू आहे, हे ऐकून काही जण घाबरून जातात. गट हा पुराव्याच्या बळकटीचा असतो, धोक्याच्या आकाराचा नव्हे. रोज 50 ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. समजा, शंभर माणसांपैकी पाच जणांना आयुष्यात हा आजार होणार असेल, तर रोज खाणाऱ्या शंभरांत तो जवळपास सहा जणांना होईल. या वाक्यातला "रोज" हा शब्द मी प्रत्येकाला पुन्हा एकदा वाचायला लावते.

माझे मामा बोटीवर स्टुअर्ड होते. सकाळच्या न्याहारीला बेकन किंवा हॅम, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही आणि रक्तदाब वाढला तरी त्यांनी ती सोडली नाही. पुढे त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. तो हॅममुळेच झाला असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि मीही ते म्हणत नाही. पण शौचातून रक्त जात असताना ते मूळव्याध समजून सहा महिने गप्प राहिले, याचे दुःख मला अजून आहे. तसे होत असेल तर माझ्याकडे आहार विचारायला येण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आता चोरिस. पावसात मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या, बेगमीत चोरिसाची माळ घेऊन ठेवायची, ही गोव्याची जुनी रीत. त्या माळेतले चार मणी बटाट्यात किंवा पुलावात पडत, त्यांच्या रसाने सगळे भांडे लाल होई आणि तेवढ्यावर सहा-सात माणसे जेवत. म्हणजे ते मसाल्यासारखे वापरले जाई. त्या मापाने, महिन्यातून एकदा-दोनदा, पूर्ण शिजवलेले चोरिस खायला निरोगी माणसाला मी मनाई करत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र करते, कारण चोरिसात मीठ भरपूर असते आणि दिवसाला एकूण मिठाची मर्यादा पाच ग्रॅमच आहे.

मला खरी काळजी वाटते ती मुलांच्या डब्यांची. सोमवारी सलामी, बुधवारी सॉसेज, शुक्रवारी हॅमचे सँडविच, आणि हे सगळे प्रथिनांसाठी म्हणून! पाकिटाच्या मागे 249 ते 252 यांपैकी आकडा असेल, तर त्यात नायट्राइट किंवा नायट्रेट आहे, हे ओळखावे. त्या पावात उकडलेले अंडे, रात्रीच्या कोंबडीचे तुकडे किंवा चण्याची सुकी भाजी घातली, तर प्रथिने तितकीच मिळतात.