वाटणीची झोप

वनवासाच्या चौदा वर्षांत लक्ष्मणाने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, अशी एक लोककथा आहे. निद्रादेवी समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने आपल्या वाटची झोप अयोध्येत ऊर्मिलेकडे नेऊन देण्याची विनंती केली आणि ती बिचारी दोघांच्या वाटची झोपली. वनवासातला बराच काळ पंचवटीत गेला असे आपण नाशिककर मानतो, त्यामुळे जागरण हा प्रकार आमच्या गावाला नवा नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, सबमिशनच्या, म्हणजे वर्षभराच्या फाइली आणि शीट सरांकडे जमा करण्याच्या आठवड्यात, ही कथा मला वारंवार आठवत असे. कारण माझ्याही खोलीत एक ऊर्मिला होती. वाणिज्य शाखेच्या त्या मैत्रिणीची परीक्षा आमच्या आधीच आटोपली होती आणि ती पलीकडच्या कॉटवर दोन रजया घेऊन निवांत घोरत असे. तिच्या झोपेतला एक तासही माझ्या खाती जमा होत नव्हता, एवढाच काय तो फरक.

नोव्हेंबरचे दिवस होते. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतली आमची खोली पहाटे इतकी गार पडे की पेन्सिल धरलेली बोटे आपलीच आहेत ना, हे पाहून खात्री करावी लागे. फाइल पूर्ण असल्याखेरीज सही नाही, सही नसेल तर टर्मवर्क, म्हणजे सत्रभराच्या कामाचे गुण नाहीत, आणि टर्मवर्कशिवाय पुढचे काहीच नाही, या साखळीत आम्ही सगळे अडकलो होतो. पाच रात्रींत मिळून माझी जेमतेम सोळा-सतरा तास झोप झाली असेल. फोनवर आई, भेटेल तो नातेवाईक आणि झेरॉक्सच्या दुकानातले काका, सगळे एकच सांगत होते, ‘पॉझिटिव्ह राहा.’ सांगणाऱ्यांची माया खरी होती. पण थंडीने कुडकुडणाऱ्याला ‘ऊबदार राहा’ म्हणावे, तितकाच त्या सल्ल्याचा उपयोग होता. रजई कोणी देत नव्हते.

मी माझ्या परीने चहावर भिस्त ठेवली होती. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याने झोप दाटून येते. चहा-कॉफीतले कॅफीन ते साठणे थांबवत नाही, फक्त त्याच्या बसायच्या जागा अडवते, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे. ॲडेनोसीनचे प्रवासी गाडीतून उतरत नाहीत, दाटीवाटीने उभे राहतात आणि रुमाल उचलला की एकदम बसतात. माझा रुमाल रोज पहाटे तीनच्या सुमारास उचलला जाई.

अशाच एका पहाटे, पावणेतीन वाजता, आर.सी.सी.ची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या आराखड्याची शीट जवळपास पूर्ण झालेली असताना मला दिसले की छज्ज्याच्या मुख्य सळया मी खालच्या बाजूला काढल्या आहेत. छज्जा एका टोकाला भिंतीत धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असतो. वजन आले की त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून पोलाद वर हवे. हे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. पुढच्या दहा मिनिटांत मी त्या सळयांवरून क्रमाक्रमाने अशा निष्कर्षाला पोहोचले की माझ्या हातून बांधलेली प्रत्येक इमारत पडणार, वडिलांनी भरलेली फी पाण्यात गेली आणि सकाळी घरी फोन करून शिक्षण सोडत असल्याचे सांगणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. त्या विचारात तर्काची एकही कडी निखळलेली नव्हती, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

माझ्या मुसमुसण्याने ऊर्मिला जागी झाली. तिने रजईतून फक्त डोळे बाहेर काढले. “अगं, रात्री दोननंतर आयुष्याचे निर्णय घ्यायचे नसतात. झोप आधी. शिक्षण सकाळी सोड, मी पण येते फोन करायला.” आणि ती कूस बदलून पुन्हा झोपली.

टेबलावर काँक्रीटचे जर्नल उघडेच होते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस ओले ठेवावे आणि त्याची ताकद 28 दिवसांनी तपासावी, हे मी थोड्या वेळापूर्वीच त्यात उतरवून काढले होते. स्लॅब टाकला की त्यावर आळी करून पाणी मारतात आणि त्याला त्याचे काम करू देतात. गवंडी काही रात्रभर उशाशी बसून ‘घट्ट हो, घट्ट हो’ म्हणत नाही. मी दिवा मालवला.

सव्वासहाला जाग आली तेव्हा सळया अर्थातच खालीच होत्या. ब्लेडने खरवडून, खोडरबर फिरवून त्या वर न्यायला वीस मिनिटे लागली. चूक तीच, शीट तीच आणि मीही तीच, मध्ये फक्त तीन तासांची झोप. पण रात्री जिच्यावर अख्खे आयुष्य कोसळत होते ती आता एक पुसण्याजोगी रेघ होती. नंतर आम्ही दोघी टपरीवर चहा घ्यायला गेलो, तेव्हा तिने गंभीर चेहऱ्याने विचारले, “मग, लावायचा फोन?”

पुढे कधीतरी मी वाचले की 1964 साली अमेरिकेतला एक सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सुमारे 264 तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला होता. थोडक्यात, तेही सबमिशनच. त्यानंतर तो पहिल्यांदा झोपला तो चौदा तासांहून थोडा अधिक. लक्ष्मणाची चौदा वर्षे आणि याचे चौदा तास हा योगायोग मला फार आवडला, जरी त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

शनिवारी सरांनी शीटवर सही केली, छज्ज्याकडे न पाहताच. मला किंचित वाईटही वाटले. खोलीवर येऊन मी बूट न काढता आडवी झाले. संध्याकाळी आईचा फोन आला, तो मैत्रिणीने घेतला आणि तिने काय सांगितले ते मला दुसऱ्या दिवशी कळले: “काकू, ती झोपली आहे. आज मी जागी आहे, तिच्या वाटचं मला सांगा.”