उतार, वारा आणि खिडकीबाहेरचा आरसा

रात्री जेवताना भाच्याने विचारलं, "मामी, कोपनहेगनमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं?" मी म्हटलं, "रॅम्प." वन्संनी कपाळाला हात लावला. "राजवाडे दाखवले, राजाचे पहारेकरी दाखवले, आणि हिला आवडला रॅम्प!"

आता माझाही इलाज नाही. पवईला लार्सन अँड टुब्रोच्या ड्रॉइंग ऑफिसात १९८४ मध्ये ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून काढणारी, म्हणून लागले, ती ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रॅमवर बोटं झिजवून निवृत्त झाले. समोर काहीही आलं की आधी त्याचा प्लॅन दिसतो, मग सेक्शन, आणि सौंदर्य वगैरे वेळ उरला तर.

कोपनहेगनची ओढ होती तीही नोकरीमुळेच. कंपनीच्या नावातले लार्सन आणि टुब्रो, म्हणजे हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, दोघे डॅनिश इंजिनिअर. कोपनहेगनच्या एफ. एल. स्मिथ या सिमेंटची यंत्रं करणाऱ्या कंपनीमार्फत हिंदुस्थानात आले आणि १९३८ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःची पाटी लावली. पहिलं ऑफिस इतकं लहान की एका वेळी एकालाच बसता यायचं, असं आम्हाला नवीन लागल्यावर सांगायचे. त्यामुळे भाचा माल्मोला राहायला गेला आणि वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चला माझ्याबरोबर," तेव्हा मी एका पायावर तयार. माल्मो स्वीडनमध्ये, पण खाडीवरच्या पुलावरून गाडीत बसलं की तासाच्या आत कोपनहेगन. भाच्याने आमच्या दोघींसाठी दिवसभराची सहल ठरवून दिली. सकाळी शहर, दुपारी ड्रागोर नावाचं कोळ्यांचं गाव.

गाईड म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. उंच, हातात मिटलेली लाल छत्री. आम्ही अकरा जण त्या छत्रीमागून. त्यांना मी पहिल्याच चौकात माझ्या लार्सनांबद्दल विचारलं. ते हसले. "कोणते लार्सन? इथे दगड मारलात तर लार्सनलाच लागेल." म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखं. टुब्रो हे नाव मात्र त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मला उगाचच वाईट वाटलं.

शहराचं नाव डॅनिशमध्ये क्योबेनहाउन, अर्थ व्यापाऱ्यांचं बंदर. न्यूहाउनचा रंगीत घरांचा कालवा आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. १६७० च्या दशकात खोदलेला, काठावरच्या तीन वेगवेगळ्या घरांत परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन राहून गेला. छान आहे, पण प्रत्येकजण कालव्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढत होता. अँडरसनच्या गोष्टीतल्या जलपरीचंही तेच. १९१३ ची मूर्ती, उंची सव्वा मीटर. बिचारीचं डोकं दोनदा कापून नेलंय लोकांनी. दोन बसभर माणसांच्या मधल्या फटीतून मला तिची पाठ दिसली. वन्संना तेवढंही नाही.

अमालियनबोर्गला चार सारखे राजवाडे एका अष्टकोनी चौकाभोवती बसवलेत. तो प्लॅन मात्र मनात भरला. बरोबर बाराला अस्वलाच्या कातड्याच्या टोप्यांतले पहारेकरी बदलले. वन्संनी पूर्ण व्हिडिओ घेतला, आणि घेता घेता मागे सरकत सायकलच्या पट्ट्यात गेल्या. एका बाईने घंटी वाजवत जे काही सुनावलं ते डॅनिशमध्ये होतं, पण समजायला काहीच अडचण आली नाही.

मास्तरांचा आवाज बदलला तो जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीपाशी. चौथ्या ख्रिस्तियन राजाने सतराव्या शतकात बांधलेली, शिखरावर चार ड्रॅगनच्या शेपट्यांचा पीळ. १६ एप्रिल २०२४ ला, दुरुस्ती चालू असतानाच तिला आग लागली आणि शिखर जळत खाली आलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही आतली जुनी चित्रं उचलून बाहेर काढली. आम्ही पाहिलं तेव्हा सगळीकडे परांची. मास्तर म्हणाले, या शहराला सवय आहे. १७२८ ची आग, १७९५ ची आग, आणि १८०७ मध्ये इंग्रजांनी केलेला तोफांचा आणि काँग्रीव्ह रॉकेटांचा मारा. मी चमकले. ती रॉकेटं इंग्रजांनी म्हैसूरच्या लढायांत टिपूचे अग्निबाण अंगावर घेतल्यावरच तर बनवली! मास्तरांना सांगितलं. त्यांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. टुब्रोचं उट्टं निघालं.

आणि मग रुंडेटॉर्न, गोल बुरूज.

माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. बुरूज म्हटल्यावर मी बाहेरच्या बाकाकडे बघायला लागले होते. मास्तर म्हणाले, "या, जिने नाहीत." खरंच नाहीत. १६४२ मध्ये पुरा झालेला हा जवळजवळ पस्तीस मीटरचा बुरूज, आणि आत पायऱ्यांऐवजी विटांनी फरसबंद केलेला उतार, मधल्या पोकळ खांबाभोवती साडेसात वेढे घेत वर जाणारा. लांबी २०९ मीटर. त्या काळी वर वेधशाळा आणि शेजारच्या चर्चच्या माळ्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय, म्हणून पुस्तकं आणि अवजड उपकरणं वर न्यायची सोय. १७१६ मध्ये रशियाचा पीटर राजा घोड्यावर बसून वर गेला म्हणतात. पांढरीशुभ्र भिंत, खोल कोनाड्यांतल्या खिडक्या, आणि त्यातून प्रत्येक वेढ्याला थोडा वेगळा पडणारा उजेड.

सगळे जण आतल्या खांबाला धरून चढत होते, अंतर कमी म्हणून. मी वन्संना बाहेरच्या भिंतीकडे ओढलं. एका वेढ्यात चढायची उंची दोन्हीकडे सारखीच, पण बाहेरचं वर्तुळ मोठं, म्हणजे तीच उंची लांब अंतरावर वाटली जाते. आतून चढ अंगावर येतो, बाहेरून कळतही नाही. वन्सं दहा पावलं आतून चालल्या, दहा बाहेरून, आणि म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!" अगदी शेवटी एक चिंचोळा जिना लागतो. तिथे मी हात टेकले. वरून काय दिसतं ते वन्संना विचारा.

दुपारी मिनीबसने ड्रागोरला. बारा-तेरा किलोमीटर, आमायर बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर. वाटेत मास्तरांनी सांगितलं की १५२१ मध्ये दुसऱ्या ख्रिस्तियन राजाने या भागात हॉलंडचे शेतकरी आणून वसवले, दरबाराला ताजी भाजी मिळावी म्हणून. पूर्वी इथे हेरिंग माशांचा मोठा बाजार भरायचा, पुढे गावातली माणसं शिडाच्या जहाजांवर गेली. आता बंदरात होड्या डुलतात आणि डोक्यावरून विमानं उतरतात, इतका विमानतळ जवळ. समोर पाण्यापलीकडे स्वीडन. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांच्या धरपकडीतून सुटण्यासाठी डेन्मार्कचे सात हजारांहून जास्त ज्यू मासेमारीच्या होड्यांतून पलीकडे गेले. या धक्क्यावरूनही होड्या सुटल्या. वन्सं बराच वेळ माल्मोच्या दिशेला बघत राहिल्या. त्यांचा मुलगा तिथे, सकाळी आपण चाळीस मिनिटांत आलो, एवढंच बोलल्या.

गावात पिवळ्या भिंतींची ठेंगणी घरं, लाल कौलं, दारादारांत गुलखैरा माणसाच्या उंचीचा. मी मात्र नकाशाच्या पाटीपाशी अडकले. बहुतेक घरं पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर. पश्चिमेचा वारा यायचा तो घराच्या अरुंद बाजूवर, आणि लांब बाजूला दक्षिणेचं ऊन. गावाची आखणी वाऱ्याने केलेली! मास्तर खिडक्यांतले चिनी मातीचे कुत्रे दाखवत होते. नवरा दर्यावर असला की कुत्र्याचं तोंड बाहेर, घरी आला की आत. मला ती पाहुण्यांसाठी रचलेली गोष्ट वाटली. मी हळूच मागे राहिले आणि एका गल्लीची रुंदी पावलांनी मोजायला लागले. चार पावलं. परत मोजली. चारच.

तेवढ्यात एक दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या आजी. "काही हरवलंय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, नाही, मोजतेय. का, तर नकाशे काढायचे मी. आजींना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. चौकटीला बाहेरून दोन छोटे आरसे, कोनात जोडलेले. त्यातून त्या मला केव्हापासून बघत होत्या. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत यासाठी आरसा लागत नसे, गॅलरी पुरायची. "किती अंशांवर लावलेत?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "ते मला काय माहीत? आत या, खुर्चीत बसून बघा."

बसले. मान न वळवता डाव्या आरशात गल्लीचं समुद्राकडचं टोक, उजव्यात चौकाकडचं. डावीकडे एक मांजर. उजवीकडे एक बाई, पदर खोचून, रागाने तरातरा चालत येणारी, आणि तिच्यामागे उंच धरलेली लाल छत्री.