व्हर्नची टिपणं आणि माझा कसारा घाट : महिना चौथा

टिपणांची कार्डं 412. कच्ची पानं 61. फाडलेली पानं 23, त्यातली 9 परवा एकाच रात्री.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. कसारा घाटात घडणारी मुलांची साहसकादंबरी लिहितोय आणि लिहायची रीत फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नकडून उसनी घेतलीय. शाळेत असताना भा. रा. भागवतांच्या मराठी रूपांतरांमुळे तो घरात आला. आता पन्नाशीला टेकल्यावर इंग्रजी भाषांतरं घेऊन पुन्हा वाचतोय, या वेळी शेजारी नकाशा आणि पेन्सिल.

त्याची रीत 1894 साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्याने स्वतःच सांगितली आहे. पहाटे पाचला उठायचं आणि अकरापर्यंत लिहायचं. जेवणानंतर फ्रान्समधल्या आमियाँ शहरातल्या औद्योगिक मंडळाच्या वाचनालयात जायचं आणि तीच ती ठरलेली पंधरा वर्तमानपत्रं वाचायची. काही कामाचं दिसलं की टिपून ठेवायचं. अशी टिपणं वीस हजारांवर गेली होती. पहिला खर्डा पेन्सिलीने, अर्धं पान दुरुस्त्यांसाठी कोरं सोडून. मग त्यावरूनच शाई. छापखान्यातून सात-आठ वेळा प्रुफं आल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे.

पहाटे पाचचा प्रयोग अकरा दिवस टिकला. आठ वाजता डोंबिवलीची गर्दी अंगावर घ्यायची असेल तर तो कुणी करू नये. अर्धं पान कोरं सोडायची सवय मात्र लागली आणि ती सुटेल असं वाटत नाही. कार्डं म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका. पाठीमागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो. कार्ड क्रमांक 88 च्या पुढच्या बाजूला गणपती आणि 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं', मागे 'कसारा ते इगतपुरी चढ 1:37, मागून बँकर लागतो'. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन.

या महिन्यातला सगळ्यात मजेचा वेळ '80 दिवसांत जगप्रवास' मधल्या मुंबईच्या प्रकरणांवर गेला. ही कादंबरी 1872 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पॅरिसच्या 'ल ताँ' या दैनिकात क्रमशः आली. 80 दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावलेला फिलियस फॉग 20 ऑक्टोबरला मुंबईत उतरतो. त्याचा नोकर बूट न काढता मलबार हिलच्या देवळात शिरतो आणि तिथे मार खाऊन अनवाणी पळतो. रात्री आठची गाडी. कल्याण येतं, खंडाळा-पुण्याचा फाटा उजवीकडे सुटतो. इथवर अगदी बरोबर. पुढे 'पॉवेल' नावाचं स्टेशन येतं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. पनवेल म्हणावं, तर तिथे तेव्हा रूळच नव्हते. आणि ज्यावर सगळी गंमत उभी आहे, ते मधले रूळ संपल्याने हत्तीवरून जाणं? मुंबई-कलकत्ता गाडी जबलपूरमार्गे 1870 च्या मार्चपासून सलग धावत होती. फॉगला हत्ती विकत घ्यायची काही गरज नव्हती.

पण हत्ती नसता तर सतीच्या चितेवरून औदा या तरुण विधवेला सोडवणंही नसतं. जुनं टिपण हाताशी होतं म्हणून ही चूक झाली, की कळूनसवरून त्याने दोन वर्षं गिळली, यावर वाद घालायचा तर घाला. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा माणूस भारतात कधी आलाच नाही. 1880 साली त्याने 'वाफेचं घर' लिहिलं तेव्हा लोखंडी हत्ती वाफेवर चालवला, नानासाहेब पेशव्यांना वेरुळच्या लेण्यांत आणलं आणि पुस्तक सुरू केलं ते थेट औरंगाबादेत! सगळं आमियाँत बसून. इंग्रजी येत नसल्यामुळे डिकन्सही त्याने फ्रेंच भाषांतरांतूनच वाचला, आणि समग्र डिकन्स किमान दहा वेळा वाचल्याचं तो सांगतो. भाषांतरावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा बरं वाटतं.

आणि मी? कसारा घाट लहानपणापासून खिडकीतून पाहिलाय. तरी चौथं प्रकरण पडलं.

झालं असं. मुलं धुक्यात बोगद्याच्या तोंडाशी अडकली आहेत. तिथे मी बँकर इंजिनावरची सतरा कार्डं ओतली. कोणत्या स्टेशनात लागतं, कुठे सुटतं, गाडी मागे घसरलीच तर तिला चढावर नेऊन थांबवणारी आडवाट कशी असते. लिहिताना फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. रविवारी भाचीला वाचून दाखवलं. वय दहा. दुसऱ्या पानाला ती म्हणाली, "मामा, ते इंजिन राहू दे, त्या मुलाच्या हातातल्या टॉर्चचं काय झालं?"

टॉर्च मी विसरलो होतो.

मग व्हर्न पुन्हा उघडला, या वेळी फक्त टिपण कुठे बसवलंय ते बघायला. त्याच्या समुद्राखालच्या कादंबरीतल्या नॉटिलस पाणबुडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या माशांच्या याद्या आजही कंटाळवाण्या आहेत, भक्तांनी रागावू नये. शाळेतही मी ती पानं उडवायचो. पण '80 दिवसांत'मध्ये गाडीचं वेळापत्रक हीच फॉगची पैज आहे, त्यामुळे बोटीचा प्रत्येक तास वाचणारा स्वतः मोजतो. तिथे टिपण वेगळं दिसतच नाही. माझ्या सतरा कार्डांपैकी गोष्टीला हवं होतं एकच: बँकर गाडीच्या मागे असतो. म्हणजे घाट चढताना शेवटच्या डब्याच्याही पाठीमागे माणसं असतात, आणि धुक्यात मुलाने मागे टॉर्च हलवला तर तो त्यांनाच दिसेल.

चौथं प्रकरण आता 14 पानांवरून 6 वर आलंय. उरलेली सोळा कार्डं रबर लावून डब्यात. फेकवत नाहीत.

पुढच्या शनिवारी कसाऱ्याला जाऊन फलाटाच्या टोकाला तासभर बसणार आहे. बँकर जोडताना शेवटच्या डब्यात बसलेल्याला धक्का केवढा जाणवतो, एवढंच टिपायचंय. भाची बरोबर येतेय, टॉर्च तिच्याकडे.