पाण्याच्या रिपोर्टमध्ये अल्कलिनिटीचा रकाना कोरा का?

ब्रॉयलरच्या पाण्यात ॲसिडिफायर (जिवाणू मारायला पाण्यात सोडायचं आम्लाचं मिश्रण) सोडायचं म्हणून बोअरचं पाणी तपासायला दिलं. रिपोर्टवर पीएच आहे, हार्डनेस आहे, खाली 'पिण्यास योग्य' असा शिक्काही आहे. फक्त अल्कलिनिटीचा, म्हणजे पाणी किती आम्ल पचवून टाकतं त्याचा, रकाना कोरा! ही तपासणी वेगळी मागावी लागते, हे नमुना घेताना कुणी सांगत नाही. मग पुन्हा नमुना, पुन्हा फी, पुन्हा वाट बघणं. तोवर शेडमध्ये पिल्लं उतरलेली असतात आणि डोस काय धरायचा ते ठरलेलं नसतं. याचा राग मला अजून आहे, कारण सगळा हिशोब त्याच आकड्यावर चालतो.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आम्ल घातलं की आधी बायकार्बोनेटच ते खाऊन टाकतं, पीएच नंतर उतरतो. दोन बोअरचा पीएच सारखाच 7.8 असला, तरी एकाची अल्कलिनिटी लिटरला 100 मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची 400 असू शकते. पीएच 4 वर आणायला 85 टक्क्यांचं फॉर्मिक ॲसिड पहिल्याला हजार लिटरमागे साधारण 150 मिली लागेल, दुसऱ्याला 575. डब्यावरचा एकच डोस दोघांना कसा चालणार? पीएच साडेसहावर अडकला तर पैसे गेले आणि ई-कोलाय, साल्मोनेला जागेवरच. फॉर्मिक, प्रोपिऑनिक ही आम्लं जिवाणूच्या पेशीत शिरतात ती विघटन न झालेल्या, म्हणजे अखंड रेणूच्या रूपात, आणि पाणी पुरेसं आम्लधर्मी असेल तरच ती त्या रूपात राहतात.

रिपोर्टची वाट बघू नका. मत्स्यटाकीवाल्यांकडे अल्कलिनिटी मोजायचं केएच किट मिळतं, त्यातली 1 डिग्री म्हणजे 17.9 मिलिग्रॅम प्रति लिटर. किंवा सरळ बादलीत करा: 10 लिटर बोअरचं पाणी, सिरिंजने अर्धा-अर्धा मिली ॲसिडिफायर, ढवळून दोन मिनिटं थांबा, पीएच मीटर लावा. पीएच 6 च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो, बायकार्बोनेट संपलं की झपकन उतरतो. 4 ते 4.5 च्या मध्ये थांबा. त्याखाली गेलात तर पक्षी पाणी कमी पितात. मीटर आधी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या, कागदी पट्टीवर भरवसा नको. हातमोजे, चष्मा हवाच. आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एका जारमध्ये कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो, जिवावर बेततं. नुसतं क्लोरीन वापरणार असाल तर पीएच 6.5 पर्यंत आणा. तिथे नव्वद टक्के क्लोरीन कामाच्या रूपात असतं, 8 ला जेमतेम चौथा हिस्सा. मोजायचं ते पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या निपलला (पक्षी पितात त्या तोटीला), 2 ते 5 पीपीएम. टाकीतला आकडा फसवतो.

बॅच गेल्यावर लाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने भरून रात्रभर ठेवा आणि जोरात फ्लश करा. आतला बुळबुळीत थर राहिला तर वरून काहीही सोडा, जिवाणू त्याच्या आड सुरक्षित. उलट सेंद्रिय आम्लांवर यीस्ट पोसतं आणि निपल तुंबतात.

खाद्यातलं काम सोपं. मांस-हाडांची भुकटी किंवा मासळीची भुकटी असेल तर साल्मोनेला तिथूनही येतो, म्हणून आम्लाचं मिश्रण टनाला 2-3 किलो. क्लॉस्ट्रिडियम या आतड्यातल्या जिवाणूचा त्रास असेल तर लॉरिक ॲसिडचं मोनोग्लिसराइड घ्या, ते त्याच्यासारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जिवाणूंवर चालतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी सुचवलं तर घेऊ नका, 2019 पासून आपल्याकडे त्यावर बंदी आहे.

लासोटा (राणीखेतची) किंवा गंबोरोची लस पाण्यातून देणार असाल तर क्लोरीन आणि ॲसिडिफायर दोन्ही आदल्या दिवसापासून बंद ठेवा. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर घाला, आणि दुसऱ्या दिवशी लाइन धुऊनच आम्ल सुरू करा, नाहीतर दुधाचा साका आत बसतो.